गाळातून उचलून नेता येईल अशी बोट

कार्ड मोबाइलवर आलं. वर माझ्या बायकोचा फोटो, फोटोच्या दोन्ही बाजूंना पणत्या, आणि खाली निळ्या पाण्यात पांढऱ्या शिडाची एक बोट. त्याखाली मजकूर होता: शोकसभा. त्यानंतर क्लबसाठी बोटीच्या वर्गाची निवड. त्यानंतर सुरुची भोजन.

मी नोकरीभर कॉलेजात ग्रंथपाल होतो. कुठल्या पुस्तकाशेजारी कुठलं पुस्तक लागावं याबद्दल मी फार कडक होतो आणि त्यावरून माझी चेष्टाही व्हायची. त्या तीन ओळी मी एकाखाली एक पुन्हा वाचल्या. चहा समोर होता, तो मी मोरीत ओतला.

फोटोही भलताच होता. भाच्याच्या लग्नातला, गळ्यात उसना हार घातलेला. क्लबमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिचे नारिंगी जॅकेटातले, गुडघ्यापर्यंत गाळानं माखलेले फोटो असतील. शोकसभेच्या कार्डाला ते शोभले नसते.

बोटीचा वर्ग म्हणजे काय, हे मला तिच्यामुळेच कळलं होतं. क्लबात शर्यत लावायची तर सगळ्यांच्या बोटी एकाच नमुन्याच्या असाव्या लागतात. लांबी तीच, वजन तेच, शीड त्याच मापाचं. मग पुढे कोण गेलं आणि मागे कोण राहिलं ते हातांवर आणि वाऱ्याच्या समजेवर ठरतं, खिशावर नाही. म्हणून क्लबानं सुरुवातीलाच एक नमुना निवडायचा आणि पुढे सगळ्या बोटी त्याच घ्यायच्या. एकदा निवड चुकली की पुढची कित्येक वर्षं ती चूक सगळ्यांनी ओढत न्यायची. ती हे सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा. तशी ती घरात कमी बोलायची.

ती मूळची दर्यापूरची. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत गेली आणि तिथे शिडाची होडी चालवायला शिकली. तिच्या घरात तोवर कोणी विहिरीतसुद्धा पोहलं नव्हतं. पुढे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाली. शेवटची काही वर्षं तिची नेमणूक अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या एका धरणावर होती, आणि निवृत्त झाल्यावर त्याच धरणावर तिनं हा क्लब काढला. माणसं मूठभर. भातकुलीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका, अकोल्याचे दोनचार जण, आणि अमरावतीत कोचिंग क्लास चालवणारे एक गृहस्थ. परवानग्या ते आणू शकत होते, म्हणून ते अध्यक्ष झाले.

मी कधी बोटीत बसलो नाही. रविवारी बांधावर सतरंजी टाकून पुस्तक वाचायचो, आणि ती परत आली की डबा उघडायचो.

त्या धरणाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दसऱ्याच्या सुमाराला पाणी काठोकाठ असतं. सिमेंटच्या उतारावरून बोट ढकलली की ती तरंगते. पण पुढे पाणी कालव्यानं शेतांना जातं, आणि होळीनंतर काठ रोज मागे सरकत जातो. उतार संपतो तिथून पाण्यापर्यंत नुसता काळा गाळ उरतो. वरून वाळलेला, तडे गेलेला, आणि आत लोण्यासारखा मऊ. त्यात मेलेले मासे, प्लास्टिक, विसर्जनातले नारळ, एखाद्या मूर्तीचा सोनेरी रंगाचा हात. त्या वासाची मला शिसारी आहे. ती घरी यायची तेव्हा वास तिच्या आधी दारात यायचा. अंघोळीनंतर मोरीची जाळी तुंबायची.

म्हणून तिची बोट निवडायची पद्धत वेगळी होती. पाण्यात कशी चालते हे नंतर, आधी उचलून दाखवा, असं तिचं म्हणणं. ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिनं ती परीक्षा घेतलीसुद्धा. क्लबकडे तेव्हा दोन प्रकार होते. एक, नागपूरकडून कोणीतरी टाकून दिलेली फायबरची जड बोट, दोघांनी मिळून चालवायची, तीन शिडांची. दुसरी, अकोल्याला फर्निचर बनवतात तिथे नकाशावरून प्लायवूडची करवून घेतलेली. बसकी, सपाट बुडाची, एकच शीड, दिसायला पीठ मळायच्या काथवटीसारखी. भर चैत्रात तिनं दोन्ही बोटी उतारावर ठेवल्या आणि म्हणाली, न्या पाण्यापर्यंत.

प्लायवूडची बोट तिनं आणि भातकुलीच्या शिक्षिकेनं पुढून-मागून धरून नेली. शिक्षिका मधे एकदा बसल्या, हसल्या, पुन्हा उठल्या. फायबरच्या बोटीला सहा पुरुष लागले. अर्ध्या वाटेवर ती बसली ती बसलीच. अध्यक्षांचा एक बूट गाळात राहिला.

"मॅडम, हे तं बैलगाडीवानी रुतली!" ते तिथून ओरडले.

"मंग सोडा बैल आन् या माघारी," ती म्हणाली.

सगळे हसले. अध्यक्षही हसले, एका पायावर उभे राहून. संध्याकाळी चहा पिताना सगळ्यांनी मान्य केलं की आपली बोट ही छोटीच. कागदावर तेवढं घ्यायचं राहिलं. मग तिचं दुखणं निघालं, आणि पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली.

आमच्या घरी बौद्ध रिवाजाप्रमाणे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता. पाहुणे परतले होते. ते कार्ड आल्यावर एका दुपारी अध्यक्ष घरी आले. येताना सफरचंदं आणली. ती हयात असताना ते तिला मॅडम आणि मला सर म्हणायचे. त्या दुपारी दारातूनच म्हणाले, "भाऊजी, कसे हा?"

मी पाणी आणून ठेवलं.

"ताईचं सपन होतं क्लबाचं," ते म्हणाले. "आता सरकारी योजना मंजूर झाली. नव्या बोटी येऊन राहिल्या. मुंबईच्या कंपनीवाल्यांनी नमुना पाठवला हाय. भाऊजी, अशी बोट तुम्ही जिंदगीत पाहिली नसन. चकाचक."

"कुठली?" मी विचारलं.

"फायबरची. दोघांची. तीन शिडांची. राष्ट्रीय स्पर्धेत चालते नं ते."

"तिला छोटी हवी होती."

ते माझ्याकडे थोडं वाकले. त्यांच्या अंगाला कसल्यातरी गोड अत्तराचा वास होता. "पाहा भाऊजी, ते लाकडाचं खोकं घेऊन कोन पेपरात फोटो छापन? कलेक्टरसाहेब येऊन राहिले उद्घाटनाले. त्याईले काय खोक्यात बसवता? सगळ्या बोटीवर ताईचं नाव टाकू. तुम्ही फकस्त सभेच्या दिवशी उभे राहून दोन शब्द बोला. म्हना, हेच तिची इच्छा होती. घरच्या मानसानं म्हनलं म्हंजे मंग कोनी आडवं येत नाही."

मला बोलायला वेळ लागतो, आधीही लागायचा. ते उठले, तिच्या फोटोला हात जोडले, आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले. त्यांना वाटलं ठरलं. सफरचंदं मी शेजारी देऊन टाकली.

मग मला कळेना की मला नेमका कशाचा राग आला आहे. खोटं बोलायला सांगितलं याचा होता, पण तेवढाच नव्हता. हा माणूस शेतकऱ्याच्या घरचा. बाप काळ्या रानात गाडी हाकत म्हातारा झाला. पावसाळ्यात गावाबाहेर गाडी रुतली की खांदा कसा द्यायचा हे याला चालायला लागल्यापासून माहीत. त्याच गाळात याचा बूट गेला. आणि आता धरण भरलेलं आहे, पाणी उताराला लागलेलं आहे, म्हणून याला गाळ आठवत नाही. नव्हे, आठवतो. तो झाकलेला आहे तेवढ्या महिन्यांत उद्घाटन उरकून घ्यायचं आहे.

सभा बडनेऱ्याच्या पुढे हायवेवरच्या एका लॉनवर होती. पोळा होऊन गेलेला, गणपती बसायचे होते. गेटवर तिचा आठ फुटी फ्लेक्स, त्यात तिच्यापेक्षा मोठा अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. आत हिरवळीवर चाकाच्या गाड्यावर ती नवी बोट. पांढरीशुभ्र. तिच्या नाकाला हळदीकुंकू लावलेलं, पुढे नारळ फोडलेला. बोटीच्या एका बाजूवर लाल कापड टाकून ठेवलं होतं. पलीकडे तेल तापत होतं आणि जिलेबीचा घाणा सुरू होता. शोकसभेला जिलेबी. तेलाचा तो वास उदबत्तीत मिसळून सगळ्या मांडवभर होता.

भातकुलीच्या शिक्षिका आधीच येऊन बसल्या होत्या. मला पाहून शेजारची खुर्ची पुसली.

"सर, तुम्ही बोलनार हा म्हनते," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"अध्यक्ष सांगत फिरून राहिले नं. मॅडमची इच्छा हेच होती म्हने." त्यांनी नवीन बोटीकडे पाहिलं. "मले तं ते हालवतासुद्दा येत नाही, सर. मी सकाळी हात लावून पाहिला. भल्ली जड हाय."

त्या चाळिशीच्या असतील. उंचीनं लहान. माझ्या बायकोनं त्यांना पोहायला शिकवलं होतं, मग बोट. रविवारी भातकुलीहून बस बदलत त्या धरणावर यायच्या, आणि शर्यतीत अकोल्याच्या लोकांना मागे टाकायच्या. त्या दिवशी बोटीच्या वर्गाच्या नावाखाली मांडवात काय ठरणार होतं ते एवढंच होतं: ही बाई उद्यापासून पाण्यावर जाईल की बांधावर बसेल.

दोन मिनिटं स्तब्धता पाळण्याची सूचना झाली. ती पुरती झालीच नाही, कारण मधेच घाण्यावरच्या माणसानं कोणालातरी साखर आणायला हाक मारली आणि माइकवाल्यानं घसा खाकरला. मग अध्यक्ष बोलले. माइकवर त्यांची भाषा बदलते. "स्वर्गीय ताईंनी पाहिलेलं विशाल स्वप्न," ते म्हणाले. विशाल हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वापरला. ती तर माप घेणारी बाई होती. अमुक किलोच्या वर नको, असं बोलायची.

मग माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ. शाल खांद्यावर टाकताना फोटोवाला म्हणाला, "सर, जरा हसा." मग तोच गडबडून म्हणाला, "म्हंजे, नका हसू."

मी माइकसमोर उभा राहिलो. बोलायला वेळ लागला. लोकांना तो दुःखाचा वाटला असावा. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"ती बोट आधी उचलायला सांगायची," मी म्हणालो. "ही उचला. दोघांनी. गेटपर्यंत न्या. मग ठरवा."

लोकांनी आधी बोटीकडे, मग अध्यक्षांकडे पाहिलं. मग अध्यक्ष हसले. "अरे, भाऊजींची इच्छा! चला बाप्पा, उचला!"

दोघं उठले आणि त्यांनी कडा धरल्या. बोट हलली, उठली नाही. मग आणखी दोघं आले. मग वाढपी आले, हाताला पाक लागलेला. मग अध्यक्ष स्वतः आले, पांढऱ्या पायजम्यात. दहा-बारा जणांनी मिळून ती बोट गाड्यावरून वीतभर वर केली. पावसानं भिजलेल्या हिरवळीत त्यांच्या टाचा रुतल्या. कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि बाकीच्यांनी "मोरया" केलं. फोटो निघाले. टाळ्या पडल्या.

"पाहा, उचलली!" अध्यक्ष धापा टाकत म्हणाले. "झालं नं भाऊजी?"

शिक्षिका उभ्या राहिल्या. "मी दोघं म्हनून ऐकलं, सर म्हनले ते. तुम्ही तं अख्खी वरात लावली."

"बाई, उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू नं," अकोल्याचे एक जण म्हणाले.

"उन्हाळ्यात तुमी येता कुठी? तुमी एसीत राहता."

थोडे हसले. पण सगळ्यांची नजर आता जेवणाच्या टेबलांकडे होती. हात वर करा, म्हटलं गेलं, आणि हात वर झाले. चैत्रात गाळात उभे राहून ज्यांनी छोट्या बोटीला हो म्हटलं होतं तेही हात त्यांत होते. एक हात जिलेबी धरलेला होता. मला माणसांचा असा वीट त्याआधी कधी आला नव्हता.

मग लाल कापड ओढलं गेलं. बोटीच्या बाजूवर तिचं नाव होतं. मोठ्या, वळणदार, सोनेरी अक्षरांत, नावापुढे 'स्मृती'. सगळं आधीच चिकटवून आणलेलं होतं. म्हणजे हात वर करण्याआधी, मी बोलण्याआधी, बहुतेक माझ्या घरी सफरचंदं येण्याच्याही आधी.

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि बोटीजवळ गेलो. अक्षरं स्टिकरची होती. पहिल्या अक्षराच्या कोपऱ्याखाली मी नख घातलं. ते सहज निघालं नाही. चिकटवणाऱ्यानं काम नीट केलं होतं. थोडं सुटायचं, फाटायचं, मग पुन्हा दुसऱ्या टोकापासून.

"भाऊजी, काय करून राहिले तुम्ही?" अध्यक्ष मागे येऊन उभे राहिले होते.

"नाव काढतोय."

"अवो, लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या."

"ताईचा अपमान होते हा. तिच्याच नावाले तुम्ही..."

"बोट तुम्ही निवडली," मी म्हणालो. "मला ती अडवता आली नाही. नाव माझ्या घरातलं आहे. ते मी परत नेतो."

ते आणखी काही बोलणार होते, पण मागून कोणीतरी म्हणालं की कलेक्टर कचेरीतल्या साहेबांची गाडी आली, आणि ते धावत गेटकडे गेले. मी सावकाश काढत राहिलो. काही वेळानं दुसऱ्या टोकानं शिक्षिकाही लागल्या. त्यांनी पर्समधून केसांची पिन काढली होती. लोक पत्रावळी घेऊन आमच्या बाजूनं जात होते. एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "थोडं गरम पानी लावा, लवकर निघन." सोनेरी तुकडे आम्ही माझ्या रुमालात गोळा केले. गोंदाचे डाग मात्र पांढऱ्या रंगावर तसेच राहिले. जेवण न करता आम्ही बसस्टँडवर गेलो.

नव्या बोटी दिवाळीनंतर आल्या. वरात निघाली, ड्रोन उडाला. त्यांच्यावर नंतर दुसरं नाव आलं. कोणाचं ते मी वाचलं नाही. हिवाळाभर त्या पाण्यावर फिरल्या, बहुतेक पाहुणे बसवून.

मग होळी झाली. चैत्रात एका सकाळी शिक्षिकेचा फोन आला.

"सर, वारा चांगला हाय आज. पन दुसऱ्या टोकाले कोनी नाही."

सवयीनं मी एक पुस्तक पिशवीत टाकलं. मग निघालो.

धरणावर कोणी नव्हतं. नव्या बोटी उताराच्या माथ्यावर ताडपत्रीखाली एका साखळीत बांधल्या होत्या, आणि ताडपत्रीवर बगळ्यांनी घाण केली होती. पाणी खूप लांब गेलं होतं. मधे तो गाळ, तसाच. या वर्षी मूर्तीचे दोन हात दिसत होते. क्लबच्या शेडमागे, तुटक्या खुर्च्यांच्या खाली, प्लायवूडची छोटी बोट होती. आम्ही ती बाहेर काढली आणि झटकली. डोलकाठी आणि शीड शिक्षिकेनं आत बांधून ठेवलं.

"बूट काढा, सर. मोजेबी."

"पँट?"

"वर घ्या नं. मी पाहत नाही तुमच्याकडं."

मी मागचं टोक धरलं. पहिल्या काही पावलांना वरचा पापुद्रा तुटून खालचा थंड गाळ घोट्याशी आला. मग पोटरीशी. वास नाकातून डोक्यात गेला आणि मला खरोखर उमासा आला. मी थांबलो.

"थांबू नका!" त्या पुढून ओरडल्या. "थांबलं की रुतते. ओका पायजे तं ओका, पन चालत ओका."

मी चाललो. बोट हलकी होती. हे मला माहीत होतं, कितीदा ऐकलं होतं, पण तिचं वजन मी कधी हातात घेतलं नव्हतं. माझ्या वयाच्या, पुस्तकं उचलण्याची सवय असलेल्या माणसाला उचलता येईल इतकंच ते होतं. पायाखाली मेलेला मासा आला. काहीतरी टोचलं. मी शिव्या दिल्या, ज्या मी देत नाही, आणि पुढून हसण्याचा आवाज आला.

पाणी लागलं. त्यांनी शीड चढवलं, मधली फळी खाली सोडली, आणि गेल्या. शीड आधी फडफडलं, मग ताठ झालं. थोड्या वेळात ते पलीकडच्या टेकडीखाली नखाएवढं दिसायला लागलं.

मी तिथेच एका दगडावर बसलो. पुस्तक आणलं होतं, पण ते उतारावर पिशवीत राहिलं होतं, आणि हात गाळानं भरलेले होते. पायांवरचा गाळ उन्हानं वाळून ताणायला लागला. वास तसाच होता. सवय होईल असं वाटलं होतं, ती काही झाली नाही. उठून बांधावर जाऊन बसता आलं असतं. पण मधला सगळा गाळ पुन्हा तुडवून यावं लागलं असतं, कारण ती बोट परत न्यायलाही दोघंच लागतात.